फ्लेक्स-फ्यूल गाडी घेऊ, पण ई८५ चा भाव आधी पंपाच्या बोर्डावर लावा

अर्धालिटर (धागाकर्ता) | नोव्हेंबर २०२५

ई२० पेट्रोलवरून यंदा जे रान उठलं, त्यातला राग मला इथेनॉलवरचा वाटत नाही. न विचारता टाकीत ओतलं, त्यावरचा तो राग आहे. दहा वर्षांपूर्वीची गाडी वीस टक्के इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनवलेली नाही आणि पंपावर दुसरं नोझल नाही. साध्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला फेटाळली, तेव्हा ते दळण इथे पुन्हा नको.

मला बोलायचंय फ्लेक्स-फ्यूलवर. ई२० (२० टक्के इथेनॉल) पासून ई८५ (८५ टक्के इथेनॉल) पर्यंत कुठलंही मिश्रण, एकाच टाकीत, हवं तसं मिसळून चालणारी गाडी. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसचा असा नमुना गडकरींच्या हस्ते ऑगस्ट २०२३ मध्ये समोर आला, मारुतीची वॅगनआर त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये. कल्पना म्हणून मला पूर्ण मान्य आहे. ज्याला परवडेल तो इथेनॉल भरेल, ज्याला नाही तो भरणार नाही.

पण परवडणं म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. हिशोब केला तर ई८५ च्या लिटरात ई२० च्या पाऊणपटीहून किंचितच जास्त ऊर्जा येते. ई२० वर १६ चं मायलेज देणारी गाडी ई८५ वर १२ च्या आसपास देणार. पुण्यात ई२० चा भाव १०४ च्या घरात धरला तर ई८५ साधारण ७९ च्या खाली असेल तरच माझा फायदा. त्याच्या वर एक रुपया गेला की मी देशसेवा करतोय, बचत नाही.

आता खर्च बघा. २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्या उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रुपये देत होत्या, मक्याच्या इथेनॉलला ७१.८६. त्यावर ५ टक्के जीएसटी. उरलेलं १५ टक्के पेट्रोल आजच्याच भावाने धरलं, तर मक्याचं ई८५ वाहतूक आणि पंपाचं कमिशन धरायच्या आधीच ८० ला टेकतं. उसाचं ७४ ला. त्यावर राज्याने हात मारला की खेळ खलास.

म्हणून माझी अट एकच: मिश्रणाचा भाव ऊर्जेच्या प्रमाणात ठरवा आणि बोर्डावर लावा. नाहीतर फ्लेक्सची गाडी घेऊन लोक जन्मभर ई२० च भरतील.

शिरोळचा ऊसवाला

काय ओ, ७९ च्या खाली पाहिजे म्हणता, ते कुणाच्या खिशातून?

२०२२-२३ ला एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारी किमान दर, टनाला ३०५० होती, २०२४-२५ ला ३४०० झाली, या हंगामाला ३५५०. रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ ला ६५.६१ आणि २०२४-२५ लाही ६५.६१. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून ३१ रुपयांवर बसलाय. ऊस तुटल्यावर चौदा दिवसांत बिल द्यायचा कायदा आहे. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचा टँकर गेला की पैसा हलतो, म्हणून तर आमची बिलं निघतात.

कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या आणि ७ डिसेंबर २०२३ ला दिल्लीवरून आदेश आला की रसापासून इथेनॉल बंद. का, तर पाऊस कमी, साखर महाग होईल. आठवडाभरात १७ लाख टन साखरेपुरती ढील दिली, पण तोवर ऐन गाळपात सगळ्यांची पळापळ. त्या वेळी रस्त्यावर फ्लेक्स गाड्या असत्या आणि लोक रोज इथेनॉल भरत असते, तर असा नळ बंद करायची कुणाची हिंमत झाली नसती. तुम्ही भावाची अट घालून बसला की कंपनी गाडी काढणार नाही, गाडी नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून गाडी नाही.

मांजराकाठ

शिरोळला कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही आहेत, तिथून बोलणं सोपं आहे. आम्ही लातूरकर. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं आम्हाला, आणि त्याच जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी पण आहेत.

नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल अहवालातच लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २८६० लिटर पाणी. सरकारच्याच कागदावर आहे हे, कुणा आंदोलकाने काढलेला आकडा नाही. धागाकर्त्याने ऊर्जेचा हिशोब छान केला, पण त्या ७९ रुपयांत हे पाणी फुकट धरलंय.

अर्धालिटर

@मांजराकाठ, पाण्याचा मुद्दा नाकारत नाही. पण आता देशात इथेनॉलसाठी उसापेक्षा धान्य जास्त वापरलं जातं, त्यातही मका सर्वात पुढे. मक्याला उसाएवढं पाणी लागत नाही.

@ऊसवाला, तुम्ही म्हणता ते ब्राझीलने करून पाहिलंय. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ ला त्यांनी प्रोआल्कूल योजना आणली, पुढे निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या काढल्या आणि लाखांनी विकल्या. १९८९ च्या सुमारास साखर तेजीत आली, इथेनॉल पंपावरून गायब झालं आणि ते लोक रांगेत उभे राहिले. त्यानंतर कित्येक वर्षं तिथे अल्कोहोलच्या गाडीचं नाव कुणी काढत नव्हतं. मग २००३ ला फोक्सवॅगनची गोल टोटल फ्लेक्स आली आणि चित्र पालटलं, कारण निवड ड्रायव्हरकडे आली. तिथे आज शेंबड्या पोरालाही माहीत आहे: इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्के भावाखाली असेल तर भरायचं, नाहीतर नाही. तुम्हाला गिऱ्हाईक बांधून हवंय. बांधलेलं गिऱ्हाईक एकदा पोळलं की परत येत नाही.

नट-बोल्ट

भावाचं तुम्ही बघा. इथे बरेच जण "आमच्या गाडीत फ्लेक्स किट बसवता येईल का" विचारणार, त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवतो. नका बसवू.

कंपनीतून येणारी फ्लेक्स गाडी म्हणजे नुसता डब्बा जोडलेली पेट्रोल गाडी नव्हे. इथेनॉलवर एकतृतीयांशाच्या आसपास जास्त इंधन फवारावं लागतं, म्हणून इंजेक्टर आणि पंप मोठे. होज, ओ-रिंग, टाकीतले भाग इथेनॉल झेलणाऱ्या मालाचे. टाकीत मिश्रण किती आहे हे सेन्सरवरून किंवा सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरवरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ओळखतो आणि फवारा, ठिणगी दोन्ही बदलतो. इंधन बदलल्यावर लगेच गाडी बंद करून ठेवू नका, थोडी चालू द्या, त्याला ते ओळखायला वेळ लागतो.

दुसरं, थंडी. इथेनॉलची वाफ थंडीत नीट होत नाही. ब्राझीलच्या जुन्या फ्लेक्स गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची, फक्त स्टार्टिंगपुरती. पुढे इंधन तापवून देणारी सोय आली. मुंबईत हा प्रश्न येणार नाही. निफाडला जानेवारीत पहाटे येईल.

आणि एक गैरसमज. "इथेनॉल पाणी ओढतं, मग ई८५ मध्ये तर टाकीत तळं साचेल." ओढतं हे खरं, पण इथेनॉल जितकं जास्त तितकं ते पाणी विरघळवूनही घेतं. पाणी वेगळं होऊन तळाशी बसण्याचा धोका कमी टक्क्यांच्या मिश्रणाला जास्त. ई८५ ला बदनाम करायचं तर मायलेजवरून करा, यावरून नको.

फायदाही सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन मोठा असतो, टर्बो इंजिनात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) न होता जास्त ताकद काढता येते. पण गाडी ई२० वर पण चालायला हवी म्हटल्यावर कॉम्प्रेशन मधलंच ठेवावं लागतं, त्यामुळे त्या ऑक्टेनचं पुरतं सोनं होत नाही. धागाकर्त्याच्या १२ चे फार तर साडेबारा होतील.

आयोवाकर

अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातून हजेरी. इकडे पंपावर ई८५ वर्षानुवर्षं मिळतंय, त्यामुळे दोन-तीन गोष्टी अनुभवाच्या.

नावात ८५ असलं तरी इकडे त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकतं, ऋतूप्रमाणे बदलतं. हिवाळ्यात मुद्दाम कमी ठेवतात, वर नट-बोल्ट यांनी सांगितलेल्या कारणासाठी. सरकारी माहितीत मायलेजची घट १५ ते २७ टक्के दिलेली असते. तेव्हा भारतात बोर्डावर नुसतं "ई८५" लिहून चालणार नाही, आत खरोखर किती आहे तेही लिहायला लावा.

आणि अर्धालिटर, तुमचं एक गृहीतक मला पटत नाही. निवड दिली की लोक हिशोब करतील म्हणता. इकडे फ्लेक्स गाड्या दोन कोटींच्या आसपास विकल्या गेल्या, कारण त्या बनवल्या की कंपन्यांना मायलेजच्या सरकारी नियमात सवलतीचे गुण मिळायचे. कित्येक मालकांना आपली गाडी फ्लेक्स आहे हेच ठाऊक नसतं. पेट्रोलचं झाकण पिवळं का आहे, हा प्रश्नच पडत नाही. गाड्या रस्त्यावर आल्या, इथेनॉल टाकीत गेलंच नाही. म्हणून ऊसवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, नुसत्या गाड्या काढून किंवा नुसता बोर्ड लावून मागणी उभी राहत नाही.

बॅटरीबहाद्दर

चार बोटं वर करून विचारतो: एवढी सर्कस करण्यापेक्षा इलेक्ट्रिक का नको? ५ टक्के जीएसटी, घरी चार्जिंग, विषय कट.

नट-बोल्ट

@बॅटरीबहाद्दर, ज्याच्या सोसायटीत पार्किंगला प्लग आहे त्याने जरूर घ्यावी. चाळीत आणि वाड्यात राहणाऱ्याचं काय ते सांगा.

मांजराकाठ

मक्यावर परत येतो, कारण धागाकर्त्याने तो पळवाटेसारखा वापरलाय. मक्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो डीडीजीएस म्हणून पशुखाद्यात जातो. स्वस्त असतो, त्यामुळे सोयापेंडीची मागणी पडते. पेंड पडली की सोयाबीन पडतं. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, लातूरच्या बाजारात माल त्याखाली गेला. एकमेव कारण हेच असं मी म्हणत नाही, आयात तेलाचाही वाटा आहे. पण आमच्याकडे उसाने पाणी नेलं आणि मक्याने सोयाबीनचा भाव नेला, आणि गाडी कुणाची चालणार, तर पुण्याची.

आणि ब्राझील ब्राझील करताना एक बघा, साओ पाउलोचा ऊस बहुतेक पावसावर येतो. आमचा धरणावर आणि बोअरवर.

शिरोळचा ऊसवाला

@मांजराकाठ, पाण्याचं म्हणाल तर ठिबक सक्तीचं करा, आम्ही कधी नको म्हटलंय? पण मक्याला शिव्या, उसाला शिव्या, मग शेतकऱ्याने लावायचं काय? आखातातून येणाऱ्या तेलाला एवढे प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला डॉलर मोजून गप गुमान घेतो आपण.

मांजराकाठ

ठिबक केलं की वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावतात. हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

अर्धालिटर

@आयोवाकर, बोर्डावर खरी टक्केवारी हवी, हे माझ्या मागणीत घालून घेतो. त्यापुढे जाऊन म्हणेन की दोन्ही भाव शेजारी आणि खाली गुणोत्तर छापावं. पेट्रोलच्या किती टक्के, एवढंच. आपल्याला लिटरचा भाव बघायची सवय आहे, म्हणून ९० रुपयांचं ई८५ स्वस्त वाटेल आणि लोक फसतील. ही माझी खरी धास्ती आहे.

मार्च २०२४ ला "इथेनॉल १००" (जवळपास निव्वळ इथेनॉल) ची विक्री पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर सुरू झाली, त्यात महाराष्ट्रही आहे. पण ते भरायला गाडी कुठली? चारचाकी शोरूममध्ये नाही, दुचाकीत होंडाची सीबी३००एफ आणि सुझुकीची जिक्सर एसएफ २५० एवढीच ठळक नावं, आणि त्याही ई८५ पर्यंतच्याच. म्हणजे ऊसवाले म्हणतात ती कोंबडी-अंड्याची गोष्ट खरी आहे. फक्त ती फोडायची तर गिऱ्हाइकाला बांधून नाही, भाव पाडून फोडा.

@मांजराकाठ, मक्याच्या बाबतीत तुमचं ऐकून माझं मत बदललेलं नाही, पण "मका आला म्हणजे प्रश्न मिटला" असं मी यापुढे लिहिणार नाही.

शिरोळचा ऊसवाला

भाव पाडा की. पण आमच्या ६५.६१ मधून पाडू नका, एवढंच आहे. पेट्रोलवर केंद्राचं अबकारी आणि राज्याचा व्हॅट मिळून लिटरला किती जातं ते बघा, ई८५ वरचा तेवढा कर सोडून द्या. तुमचे ७९ आरामात बसतात आणि आमचा दरही राहतो.

अर्धालिटर

हे पटलं. पण इथेनॉलवरचा कर सोडला तर तो रस्त्यावरून वसूल होणार, टोल नाहीतर वाहन कर. ते आधीच सांगून करावं.

शिरोळचा ऊसवाला

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन आहे. इकडच्या निम्म्या आमदारांचे कारखाने आहेत, दराचं ते मांडतील. व्हॅटचं तुमच्या पुण्याच्या आमदारांना सांगा.