प्रतापनगरहून छोटी गाडी पुन्हा सोडावी का?

गोयागेटकर: प्रतापनगर म्हणजे बडोद्यातलं आपलं जुनं गोया गेट स्टेशन. तिथल्या संग्रहालयात नॅरो गेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं इंजिन रंगवून उभं केलंय, ते पाहिलं की जीव तुटतो. देशातली पहिली नॅरो गेज खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई-मियागाम मार्गावर आली. बडोद्याचा एवढा मोठा वारसा नुसता उभा करून ठेवायचा? प्रतापनगरजवळ तीन-चार किलोमीटर अडीच फुटी रूळ टाकून रविवारी तरी गाडी चालवावी, असं माझं ठाम मत आहे.

डभोईची सून: माझा विरोध आहे. ज्यांना रोज बडोद्याला यायचंय त्यांना विचारा. २०२१ मध्ये प्रतापनगर ते केवडिया ब्रॉड गेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी गाडी सुरू झाली, तेव्हा डभोईत आम्हाला आनंदच झाला. आणि इतिहास सांगायचा तर पुरता सांगा. १८६२ मध्ये त्या रुळांवर इंजिन नव्हतं, डबे बैल ओढत होते. रूळ इतके हलके होते, तीन फुटांच्या एका यार्डाला जेमतेम १३ पौंड, की इंजिनाचा भार पेलेना. १८७३ मध्ये जड रूळ टाकले, तरी इंजिनं नियमित धावू लागली ती १८८० मध्येच. म्हणजे गरज पडली तसा हा मार्ग बदलतच आलाय. आता नेमकं कुठलं साल जपायचं?

कानमचा कापूस: सूनबाईंशी सहमत. महाराजांची हौस म्हणून ही लाइन आली नाही. १८६१ साली मुंबईकडची मोठी रेल्वे बडोद्यापर्यंत पोहोचली, त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. इथल्या कानम पट्ट्याच्या काळ्या जमिनीतला कापूस मियागामला नेऊन मोठ्या गाडीत चढवायचा होता. रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे गासडी न् गासडी हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जायची. बैलांचं आणि हमालांचं नाव फलाटावर कुठे दिसतं का? गाडी राहू द्या, आधी तो फलक लावा. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत.

गोयागेटकर: फलक लावाच, मीही सही करतो. पण वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही नर्मदाकाठी चांदोदला गेलो ते याच छोट्या गाडीने. बाकं इतकी जवळ की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागत होता. कलश मांडीवर होता. समोरच्या आजोबांनी काही न विचारता पाय आखडून घेतले आणि चांदोद येईपर्यंत तसेच बसून राहिले. डब्याची ती लहान मापं फलकावर वाचून कशी कळणार?

डभोईची सून: दादा, हे वाचून गलबललं. तरी मत बदलत नाही. चांदोदला आजही लोक अस्थी घेऊन जातात, त्यांना वेळेवर आणि बसायला जागा असलेली गाडी मिळू दे. तुमचा डबा संग्रहालयात ठेवा, दार उघडं ठेवा, लोकांना आत बाकावर बसू द्या. रूळ टाकायचे पैसे मात्र आमच्या फेऱ्या वाढवायला लागू देत.