यंत्राने प्रीप्रिंट तपासावा, पण शेरा आधी लेखकाला कळवावा

काठावरचा :
तज्ज्ञांच्या परीक्षणाआधी जगापुढे ठेवलेला शोधनिबंध म्हणजे प्रीप्रिंट. कोविडच्या काळात मेडआर्काइव्ह आणि बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळांवर त्यांचा पूर आला, तेव्हा काही संशोधकांनी बरीच सॉफ्टवेअर्स एकत्र जोडून ते आपोआप तपासायला घेतले. साइस्कोर यादृच्छिक वाटणी (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं), ब्लाइंडिंग (कोण कोणत्या गटात हे मोजणाऱ्याला कळू न देणं) यांचा उल्लेख शोधतं, ऑडपब डेटा आणि कोड खुला आहे का ते बघतं, बारझूका फसवे स्तंभालेख हुडकतं. अहवाल थेट जाहीर टिप्पणी म्हणून लागायचे.

तपासणी मला हवीच आहे. पण माझा एक निबंध निव्वळ संगणकीय प्रतिमानाचा होता, त्यात ना प्राणी ना रुग्ण. तशाच एका सॉफ्टवेअरने शेरा मारला: ‘ब्लाइंडिंग: आढळले नाही’. वाचणाऱ्याला वाटणार, मी काहीतरी लपवलं.

निळीशाई :
असहमत. खासगीत सांगून कुणी हलत नाही. ‘डेटा विनंतीवरून उपलब्ध’ असं छापलेल्या एका निबंधाच्या लेखकांना मी तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही.

आणि स्तंभालेखाचं म्हणाल तर दहा उंदीर घ्या. नऊ जणांचं मोजमाप ४, एकाचं ४०. सरासरी ७.६. दुसऱ्या गटात दहाही जण ७.६ च्या आसपास. दोन्ही स्तंभ सारख्याच उंचीचे! एकेक ठिपका दाखवला असता तर पहिल्या गटाची सगळी उंची एका उंदराची आहे हे लगेच दिसलं असतं. प्रीप्रिंट वाचून लोक लगेच निर्णय घेतात, मग ही गोष्ट वाचकाला का कळू नये?

काठावरचा :
उंदरांचं उदाहरण शंभर टक्के मान्य. पण २०१६ आठवा. निबंधातले संख्याशास्त्रीय आकडे पुन्हा जुळवून बघणाऱ्या स्टॅटचेक या सॉफ्टवेअरने मानसशास्त्राचे ५० हजारांहून अधिक निबंध तपासले आणि पबपीअर या निबंधांवरच्या चर्चेच्या संकेतस्थळावर सरसकट नोंदी टाकल्या, चूक न सापडलेल्या निबंधांवरही. जर्मन मानसशास्त्र संघटनेने त्यावर हरकत घेतली. समजा दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणाऱ्या टी-चाचणीचा निकाल टी(२८) = २.२० आहे. दोन्ही बाजूंची चाचणी (फरक कुठल्याही दिशेने चालेल) धरली तर पी, म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगाने इतका मोठा निकाल येण्याची शक्यता, साधारण ०.०३६ येतो, एकाच बाजूची धरली तर ०.०१८. लेखकाने दुसरा छापला आणि यंत्राला तो संदर्भ लागला नाही, तर बरोबर गणितावरही चुकीचा शिक्का बसतो. हेच साधन सायकॉलॉजिकल सायन्स या नियतकालिकाने छपाईआधीच्या तपासणीत घेतलं. माझं म्हणणं तेच.

मोजपट्टी :
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटतेय. यंत्र उल्लेख बघतं, कृती नाही. ‘प्राणी यादृच्छिक पद्धतीने वाटले’ एवढं वाक्य टाकलं की खूण मिळते, मग प्रत्यक्षात पिंजऱ्यातून हाताला लागेल तो उंदीर उचललेला असला तरी. गुण लागले की लोक गुणांसाठी लिहितात. मला याची जास्त भीती वाटते.

निळीशाई :
भीती रास्त आहे. पण निदान ते वाक्य तरी लिहावं लागतं, आणि लिहिलेल्या वाक्याचा जाब विचारता येतो. न लिहिलेल्याचा कसा विचारणार? काठावरचा, लेखकाला आठ दिवस आधी कळवा, मला चालेल. नवव्या दिवशी मात्र शेरा जाहीर व्हायलाच हवा.

काठावरचा :
आठ दिवस मान्य. फक्त शेऱ्याखाली लेखकाचं उत्तर तितक्याच ठळकपणे दिसलं पाहिजे. आणि मी सुधारित आवृत्ती चढवली की यंत्राने ती पुन्हा तपासावी. माझ्या पहिल्या आवृत्तीवरचा शेरा अजून तसाच आहे.