नववी-दहावीची मुलं तरुण संघात टिकत नाहीत

प्रश्न: पुण्यातलं चर्च. शनिवारी संध्याकाळी ११ ते १६ वयाची मुलं एकत्र बसतात. मोठी गळतात. काय करावं?

उत्तर १: धाकट्या भावासमोर नववीतलं पोरगं तोंड उघडत नाही. गट वेगळे करा. आठ मुलांमागे दोन प्रौढ. २० मिनिटं खेळ, मग बायबलमधलं लूक १५ (घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो ती गोष्ट) वाचून एकच प्रश्न: थोरला भाऊ घरात का येईना? उत्तर पटकन सांगू नका, शांतता सोसा. खरं बोलणं नंतर वडापाव खातानाच होतं.

उत्तर २: शनिवारी क्लास असतात हो! रविवारी उपासनेनंतर लगेच घ्या.

उत्तर ३: मुलाशी एकट्यानं बोलताना खोलीचं दार उघडं ठेवा. मुलानं लैंगिक छळाबद्दल सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ म्हणू नका. पॉक्सो कायद्यानं (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नुसतं पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) कानावर घालून भागत नाही. मदतीला १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.