सल्ला हवा: पोस्टग्रेस क्लस्टर चालू ठेवून सेंटओएस ७ वरून रॉकी ९ वर

रात्रपाळी: मंडळी, तीन नोडचा (सर्व्हरचा) पॅट्रोनी क्लस्टर आहे; मुख्य सर्व्हर पडला तर दुसऱ्याला पुढे करणारं साधन ते पॅट्रोनी. डेटाबेस पोस्टग्रेस १४, सगळं सेंटओएस ७ या लिनक्सवर. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, त्यामुळे ऑडिटवाले हात धुऊन मागे लागलेत. डेटा ८०० जीबीच्या आसपास. डाउनटाइम मिळालाच तर रविवारी पहाटे, तोही दहा-पंधरा मिनिटं. बेत असा: एक रेप्लिका (डेटाची चालती प्रत ठेवणारा नोड) काढायची, रॉकी ९ हे नवं लिनक्स टाकून परत जोडायची, मग दुसरी, शेवटी स्विचओव्हर करून, म्हणजे प्रायमरीचं (मुख्य सर्व्हरचं) काम दुसऱ्याकडे देऊन, जुना प्रायमरी. दर महिन्याचे पॅच असेच मारतो. काही खोच आहे का?

कोरम_कुलकर्णी: ईटीसीडी (प्रायमरी कोण याची नोंद ठेवणारी सेवा) त्याच मशीनवर असेल तर एका वेळी एकच खाली घ्या. दोन गेली की कोरम (बहुमत) गेला, मग पॅट्रोनी प्रायमरीलाही खाली उतरवतो. बाकी ठीक.

बीट्री: ठीक कसलं! सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, अक्षरांचा क्रम तीच ठरवते) २.१७, रॉकी ९ मध्ये २.३४. मधल्या २.२८ ने (ऑगस्ट २०१८) अक्षरांचा क्रमच बदलला. दोन्हीकडे यूएस इंग्लिश यूटीएफ-८ लोकेल (भाषेची सेटिंग) ठेवा आणि इंग्रजी आकड्यांत १-१ व ११ अशा दोन ओळी सॉर्ट करा. जुन्यावर ११ आधी येतं, नव्यावर १-१.

रेप्लिका ताज्या ठेवणारं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन इंडेक्सची (ओळी पटकन शोधायच्या क्रमवार यादीची) पानं जशीच्या तशी उचलून नेतं. म्हणजे जुन्या क्रमाने लावलेला इंडेक्स, शोधणारा नव्या क्रमाने. डॅशवाला बिल नंबर टेबलात असतो, पण इंडेक्समधून सापडत नाही. प्रायमरी नव्या ओएसवर गेला की युनिक इंडेक्स डुप्लिकेटही आत घेऊ शकतो. आणि पोस्टग्रेस १४ यावर चकार शब्द काढत नाही. डेटाबेसच्या कोलेशनची (अक्षरक्रमाच्या नियमांची) आवृत्ती तपासणं १५ पासून आलं.

रात्रपाळी: बाप रे. मग रेप्लिकावर रीइंडेक्स करून (इंडेक्स पुन्हा बांधून) घेतलं तर?

बीट्री: रेप्लिका रीड-ओन्ली, तिथे रीइंडेक्स होत नाही. स्विचओव्हरनंतर नव्या प्रायमरीवर केलं, तर जुन्या ओएसवरच्या रेप्लिका बिघडतात. भौतिक रेप्लिकेशन (हेच, पानं जशीच्या तशी नेणारं) ठेवून हा पल्ला रोलिंगने, म्हणजे एकेक नोड करत, पार होत नाही, सोडा तो नाद. कोलेशन सी (नुसता बाइटचा क्रम) असतं तर तुमचाच बेत चालला असता.

रॉकी ९ वर वेगळा क्लस्टर उभा करा आणि लॉजिकल रेप्लिकेशनने (पानांऐवजी ओळींचे बदल पाठवणाऱ्या) डेटा ओता. इंडेक्स तिथेच नव्याने बनतील. हात लावताच आहात तर थेट पोस्टग्रेस १७ वर जा.

कोरम_कुलकर्णी: हे माझ्या ध्यानातच नव्हतं. लॉजिकल करताना स्लॉट (नव्या क्लस्टरला कुठवर बदल पोचले याची खूण) पॅट्रोनीच्या कॉन्फिगमध्ये कायमचा म्हणून नोंदवा, नाहीतर मधेच फेलओव्हर झाला (प्रायमरी पडून दुसरा पुढे आला) तर नव्या प्रायमरीवर तो नसेल. पहिली कॉपी संपेपर्यंत वॉल (बदलांची नोंदवही) साचत राहतं, डिस्ककडे लक्ष असू द्या.

रात्रपाळी: दोन-तीन जुन्या लॉग टेबलांना प्रायमरी की (प्रत्येक ओळीची खास ओळख) नाही. अडेल का?

बीट्री: नुसते इन्सर्ट असतील तर नाही. अपडेट-डिलीट होत असतील तर रेप्लिका आयडेंटिटी फुल (पूर्ण ओळीवरून ओळख) लावा, ती टेबलं हळू चालतील. सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे मात्र आपोआप येत नाहीत. कटओव्हरला (नव्या क्लस्टरवर जाताना) लिहिणं थांबवलं की ते हाताने पुढे सरकवा, मगच ॲप वळवा. आणि तोवर डेव्हलपरांना एकही ऑल्टर टेबल (टेबलाच्या रचनेत बदल) करू देऊ नका.