जुन्या जीपचं क्राऊन-पिनियन बदलू का?

जुळे_सोलापूर:
वडिलांची जुनी महिंद्रा जीप आहे, फोर बाय फोर, टायर 6.00-16. मागच्या चाकांमधलं हौसिंग (क्राऊन-पिनियनची पेटी) उघडलं तेव्हा दात मोजून घेतले. क्राऊनला (चाकं फिरवणारं मोठं चक्र) 43, पिनियनला (त्याला फिरवणारं छोटं) 8. पुणे रोडला मोहोळ सोडलं, सत्तरच्या पुढं गेलं की इंजिनच्या आवाजात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. मिस्त्री म्हणतात, 41-10 ची जोडी टाकू, गाडी पळेल. टाकू का?

हौसिंगवाला_होटगी_रोड:
पळेल की ओ, पण ओढायची नाही. तुमचा रेशो, म्हणजे 43 भागिले 8, आहे 5.38, तो होणार 4.10. टायरचा घेर 2.3 मीटर धरा. ऐंशीला टॉप गिअरमध्ये इंजिन आत्ता मिनिटाला 3100 च्या आसपास फिरतंय, ते 2400 च्या आत येईल. मात्र चाकावरचा जोर प्रत्येक गिअरमध्ये चोवीस टक्के गेला. तुळजापूर घाटात मागं पोती असली की खालच्या गिअरशिवाय गाडी हलणार नाही, आणि मे महिन्यात तसं रेटलंत तर रेडिएटर बोंबलणार.
शिवाय पुढचं हौसिंग 5.38 च ठेवून फोर बाय फोरचा लिव्हर ओढलात, तर पुढची चाकं एक म्हणणार, मागची दुसरं. डांबरावर काहीतरी तुटणारच.

बार्शीचा_गडी:
जरा मोठे 7.00-16 टायर टाका की. पाच-सहा टक्के फरक पडतो आणि हौसिंगला हात लावायला नको.

जुळे_सोलापूर:
पाच-सहा टक्क्यानं काय होणार? फोर बाय फोर आम्ही लावतच नाही, पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्ट काढून ठेवतो. भंगारात 41-10 चा पिनियन मिळतोय, क्राऊन तेवढा नवा घेईन.

हौसिंगवाला_होटगी_रोड:
शाफ्ट काढा, चालेल. पण पिनियन एकीकडचा, क्राऊन दुसरीकडचा, हे अजिबात नको. ती जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते, नंबरसुद्धा दोन्हीवर एकच असतो. बसवताना दातांना रंग लावून फिरवायचं. डाग दाताच्या मधोमध पडला पाहिजे, कडेला सरकला तर शिम (मधली पातळ चकती) बदलायची. बॅकलॅश (दातांमधली ढील) सहा ते दहा थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. मिस्त्रींकडं ती मोजायचं डायल गेज आहे का बघा. बोटानं हलवून ‘बसलं’ म्हणणारा असेल तर गाडी तिथून काढा, नाहीतर पन्नासला घूंऽऽ सुरू होईल ते कायमचं.
आणि स्पीड मीटरची केबल ट्रान्सफर केसवरून (पुढं-मागं जोर वाटणाऱ्या पेटीवरून) येते, बदललेला रेशो तिला कळत नाही. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी 79 ला असेल. कॅमेऱ्याखालून जाताना ध्यानात ठेवा.