स्पिनलॉक दोन, क्रम बरोबर, तरी बोर्ड हँग होतोय

लिनक्ससाठी सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर लिहितोय, ६४ बिट आर्मचा बोर्ड आहे. हळू डेटा टाकला तर दिवसभर चालतं पण स्पीड वाढवला की थोड्याच वेळात बोर्ड गपगार, पिंगलाही उत्तर नाही. राइट फंक्शनमधे पोर्टचा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत वाट बघायला लावणारा लॉक) स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह ने घेतो, त्यात इंटरप्टही बंद होतात, मग तिथूनच फिफो (पाठवायच्या डेटाची रांग) भरणारं छोटं फंक्शन कॉल होतं, त्याचा लॉक वेगळा आहे आणि तिथे नुसतं स्पिन_लॉक_आयआरक्यू, स्पिन_अनलॉक_आयआरक्यू आहे. इंटरप्ट हँडलरपण (हार्डवेअरने हाक मारली की हातातलं काम थांबवून चालणारं फंक्शन) पोर्टचाच लॉक घेतो. क्रम सगळीकडे एकच, मग अडकतंय कुठे? तीन दिवस झाले, प्लीज कोणीतरी बघा.

उत्तर
फिफोवाल्या फंक्शनची शेवटची ओळ बघ. स्पिन_अनलॉक_आयआरक्यू आधी काय होतं ते बघतच नाही, लॉक सोडतं आणि त्या कोअरचे इंटरप्ट सरळ चालू करून टाकतं. म्हणजे तू बाहेर बंद केलेले, आतल्याने उघडले, आणि पोर्टचा लॉक अजून तुझ्याच हातात. तेवढ्यात त्याच कोअरवर तुझा इंटरप्ट आला की हँडलर तोच लॉक मागत फिरत बसतो आणि लॉक सोडणारा कोड त्याच्याच खाली अडकलेला, आता सोडणार कोण? हळू डेटाला त्या फटीत इंटरप्ट सहसा पडत नाही म्हणून चालल्यासारखं वाटतं.
आयआरक्यूसेव्ह इंटरप्टची आधीची अवस्था फ्लॅग्ज नावाच्या व्हेरिएबलमधे ठेवतं आणि लॉक सोडतानाचं आयआरक्यूरिस्टोर जसं होतं तसंच परत ठेवतं. कोण कुठून बोलावेल सांगता येत नाही अशा फंक्शनमधे हेच वापर.

उत्तर
वरच्यांचं बरोबर आहे, फक्त बदलताना फ्लॅग्ज प्रत्येक फंक्शनमधे लोकल अनसाइन्ड लाँग ठेव, डिव्हाइसच्या स्ट्रक्टमधे एकच टाकू नकोस. मी एकदा तेच केलेलं, आतल्या सेव्हने त्यावर "बंद" लिहिलं, बाहेरच्या रिस्टोरने तेच परत बसवलं आणि सगळे लॉक सुटले तरी इंटरप्ट बंदच राहिले, हे शोधायला मला तुझ्यापेक्षा जास्त दिवस लागले.
हँडलरमधे मात्र साधा स्पिन_लॉक पुरतो, कर्नल २.६.३५ पासून हँडलर इंटरप्ट बंद ठेवूनच चालतात. थ्रेडेड हँडलर (वेगळ्या थ्रेडमधे चालणारा) असेल तर तिथे ते चालू असतात, ते वेगळं धर.
आणि कर्नल बांधताना "प्रूव्ह लॉकिंग" हा पर्याय चालू कर, हँग व्हायची वाट बघायला लागत नाही, तो रस्ता एकदा चालला तरी लॉकडेप (कर्नलमधला लॉकच्या चुका पकडणारा भाग) ओरडतो.

प्रश्नकर्ता
बांधला. बूट झाल्यावर पहिल्याच राइटला "इनकन्सिस्टंट लॉक स्टेट" आणि खाली स्टॅकमधे फिफोचंच फंक्शन! तिथे सेव्ह-रिस्टोर केलं, वॉर्निंग गेली, काल रात्री फुल स्पीडला लावून झोपलो, सकाळी अजून चालूच होतं. दोघांचे मनापासून आभार. याच ड्रायव्हरमधे अजून चार ठिकाणी तसंच लिहिलंय, आता तीही बघतो.