पॅरॅडॉक्स म्हणजे नेहमी विरोधाभासच का?

प्रश्न: भाची नववीत आहे. काल वहीच्या मागच्या पानावर तिने मला १ = २ सिद्ध करून दाखवलं आणि विचारलं, "मामा, हा पॅरॅडॉक्स ना? मराठीत काय म्हणायचं?" मी पटकन 'विरोधाभास' म्हणालो. तेव्हापासून तो शब्द खटकतोय. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद: तिची मांडणी बहुधा अशी असणार. अ = ब. दोन्ही बाजूंना अ ने गुणलं, ब² वजा केलं, अवयव पाडले: (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). मग (अ − ब) ने भागलं, अ + ब = ब, म्हणून २ = १. गोम त्या भागाकारात आहे. अ आणि ब सारखे, म्हणजे अ − ब शून्य! (शून्य छेदात आलेल्या राशीला भास्कराचार्यांनी 'खहर' म्हटलं आहे, ख म्हणजे शून्य. आजच्या बीजगणितात मात्र शून्याने भागायला सक्त मनाई.) दिलेलं कारण (हेतू) खरं नाही, नुसतं खऱ्यासारखं दिसतं. याला न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, नेमका शब्द आहे: हेत्वाभास. तुमच्या भाचीला हाच सांगा.

विरोधाभास वेगळा. तिथे विरोध हाच आभास असतो, नीट पाहिलं की मावळतो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवलं ते पाहा: १ ला १, २ ला ४, ३ ला ९, ४ ला १६ अशा जोड्या लावत गेलं तर एकही संख्या उरत नाही आणि एकही वर्ग उरत नाही. मग वर्ग कमी कसे? ते तर संख्यांमधलेच मोजके! गॅलिलिओ म्हणाला, कमी-जास्त-समान हे शब्द अनंताला लावूच नयेत. पुढे गणिती कँटरने उलट वाट धरली. जोड्या लागतात ना, मग दोन्ही समान. विरोध संपला.

प्रश्नकर्ता: पण वर्तमानपत्रात 'दोन जबाबांत विरोधाभास' असं सर्रास छापतात. तिथे विरोध खराच असतो की.

प्रतिसाद: तिथे 'विसंगती' हवं. विरोधाभास तिथे वापरून आपण एक सुंदर अर्थ बोथट करतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता खरा विरोध. १९०१ मध्ये गणिती-तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलला सापडलेला संच घ्या: जे संच स्वतःचे घटक नाहीत, त्या सगळ्यांचा संच. तो स्वतःचा घटक आहे का? हो म्हटलं तर नाही ठरतो, नाही म्हटलं तर हो. इथे आभास कसला, गणिताचा पायाच हलला आणि संचांचे नियम नव्याने बांधावे लागले. यासाठी मी 'व्याघात' वापरेन. 'माझी आई वांझ आहे' या जुन्या उदाहरणातला वदतोव्याघात आपल्या ओळखीचाच आहे, बोलणं स्वतःच स्वतःला मोडतं.

प्रश्नकर्ता: भाचीला तिन्ही शब्द सांगितले. तिने लगेच विचारलं, ०.९९९… = १ हे यातलं काय? मी म्हटलं, १/३ लिही. तिने ०.३३३… लिहिलं. त्याची तिप्पट कर म्हटलं. डावीकडे १ आला, उजवीकडे नवांची रांग. बराच वेळ पानाकडे बघत बसली, मग बाजूला लिहिलं: 'विरोधाभास'.